पॉइंट चौऱ्याऐंशी

सांगलीच्या हॉस्पिटलात टेबलावर झोपल्या झोपल्या मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "मोजायचं न्हाई. जाळी घालायची आसंल तर घाला, न्हाईतर मला उठवा."

माझ्या उजव्या मनगटातून नळी आत गेली होती. बाजूच्या पडद्यावर माझ्याच काळजाच्या शिरा हलत होत्या. डॉ. शिवांजली माझ्या दीक्षापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"काका, एका शिरेत मधोमध जागा अरुंद झालीय. साठ-पासष्ट टक्के. तिथून रक्त पुरेसं पुढं जातंय का, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून बारीक तार घालून दाब मोजायचा. दहा मिनिटांचं काम आहे."

"माझ्या बायकोचं बी मोजलं हुतं."

"मग?"

"मोजलं आन जाळी नको म्हनले. आठ म्हैन्यात गेली."

मग बाई म्हणाल्या, "बरं. आज नाही मोजत. पण न मोजता मी जाळी, म्हणजे स्टेंटही घालणार नाही."

"मंग काढा नळी."

त्यांनी नळी काढली. मी मनगटाला पट्टी बांधून बाहेर आलो आणि बाहेर बसलेल्या दीक्षाला सांगितलं की इथंही तेच मशीन आहे.

दीक्षा माझी एकुलती एक मुलगी. साताऱ्यात जिल्हा परिषदेत नोकरी करते. मी इस्लामपूरच्या पुढं नदीकाठच्या गावात राहतो. एकतीस वर्षं उपसा सिंचनाच्या पंपावर ऑपरेटर होतो, आता घरी असतो. आक्काताई, माझी बायको, गेल्याला चौदा महिने झाले.

ती दीक्षाकडं राहायला गेली होती तेव्हा जिना चढताना तिच्या छातीत दाटून आलं. दीक्षानं साताऱ्याच्याच एका हॉस्पिटलात दाखवलं. तिथं तपासणीत एक शीर अरुंद दिसली. तिथल्या डॉक्टरांनी तार घालून मोजलं आणि कागदावर लिहून दिलं, पॉइंट चौऱ्याऐंशी. जाळीची गरज नाही, गोळ्या चालू ठेवा, चालायला जा. आम्ही खुशीत घरी आलो. मीच गावभर सांगत फिरलो की आमच्या हिचं मशीननं मोजलंय, काही नाही तिला.

आठ महिन्यांनी एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. गाडी येईपर्यंत संपलं.

आक्काताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक जेवून उठले, तसा लालासाहेब माझ्याजवळ येऊन बसला. तो आणि मी पंपावर एका पाळीत वीस वर्षं काढलेली. त्यानं फाइल मागून घेतली, चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवलं.

"जालिंदर, हे चौऱ्याऐंशी काय रं?"

"मोजलेला आकडा."

"म्हंजी चौऱ्याऐंशी टक्के ब्लॉक हुता की गड्या! आमच्या साडूला सत्तर हुता तर दोन जाळ्या घातल्या."

"तसं न्हवं ते. चौऱ्याऐंशी पुढं जातंय, आसं म्हनले हुते."

"ते म्हनले आन तू ऐकलंस. सरकारी योजनेतले पेशंट तुमी. फुकटात कोन जाळी घालतंय?"

त्याला हटकायला पाहिजे होतं. मी हटकलं नाही. उलट मला बरं वाटलं. का बरं वाटलं ते पुढं सांगतो. आमच्या भागात लोकांची तक्रार असते की डॉक्टर गरज नसताना जाळ्या घालतात. माझ्या बायकोला घातली नाही, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, असं मी धरून चाललो. दीक्षाला फोनवर सांगत राहिलो. तीही म्हणायची, "व्हय बाबा, त्यांनी नीट बघितलं नसणार." रविवारी ती आली की आम्ही दोघं तेच बोलायचो. एका रविवारी ती कोर्टाचं बोलली. मी म्हटलं, बघू.

आणि मग गेल्या महिन्यात शेताच्या चढावर माझ्याच छातीत दाटलं.

नळी काढल्यावर चार दिवसांनी डॉ. शिवांजलींनी मला आणि दीक्षाला बोलावलं. म्हणाल्या, दीक्षाच्या आईंचे कागद घेऊन या. मी मनात म्हटलं, डॉक्टर डॉक्टरला कशाला दोष देईल, पण गेलो.

त्यांनी फाइल वाचली. "हे बरोबर केलेलं दिसतंय. अडथळ्याच्या अलीकडं जो दाब आहे, त्यातला किती पलीकडं पोचतो, त्याचा हा आकडा. शंभरातला चौऱ्याऐंशी पोचत होता. साधारण ऐंशी किंवा त्याच्या खाली गेला तर जाळीचा उपयोग होतो. वर असेल तर गोळ्यांनीच भागतं. उगाच जाळी घातली तर तिचाही त्रास असतो."

"त्ये मला कळतंय," मी म्हणालो. "माझी पंपावर हयात गेली. फिल्टरच्या अलीकडं दाबाचं एक गेज, पलीकडं एक गेज. दोन्हीतला फरक बघायचा. फरक वाढला की फिल्टर तुंबला."

"अगदी तेच."

"आता मी इचारतो त्ये सांगा. दोन्ही काटे आदी जुळवले हुते का?"

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. एका उन्हाळ्यात आमच्या पंपावर पलीकडचा काटा कमी दाखवायला लागला. साहेब म्हणाले, फिल्टर तुंबला, खोला. ऐन पाण्याच्या पाळीत पंप बंद ठेवून आम्ही दोन दिवस फिल्टर खोलत बसलो. लोकांनी शिव्या दिल्या. आत पाला नव्हता की गाळ नव्हता. दाबाचा काटाच अर्ध्या किलोनं खोटा होता. तेव्हापासून माझी रीत अशी, की दोन्ही गेज आधी एकाच तोटीवर लावायची. दोन्हींनी सारखा आकडा दाखवला तरच जागेवर बसवायची. काम झाल्यावर परत काढून परत एका तोटीवर बघायची. काटा मधेच सरकतो.

"बाबा, इथं काय पंप आहे का?" दीक्षा म्हणाली.

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीत पुढं सरकल्या. "काका, आम्ही हेच करतो. तार अडथळ्याच्या अलीकडंच ठेवून आधी दोन्ही दाब जुळवतो. मग पुढं घालतो. मोजून झालं की तार मागं ओढून परत जुळतात का बघतो. नाही जुळले तर आकडा फेकून द्यायचा आणि पुन्हा मोजायचं."

"हिच्या येळी मागं ओढून बगितलं का?"

त्यांनी कागद उलटून पालटून बघितला. "या कागदावर ते दिसत नाही. इथं फक्त आकडा आहे. पण मशीनमधे सगळं रेकॉर्ड राहतं. साताऱ्यात मागा."

मी फाइल घेतली आणि उठलो. त्यांनी विचारलं, "आणि तुमचं?"

"आदी तिचं बघतो. खरं निगालं तर तुमच्या तारंला हात दितो."

"आणि खोटं निघालं तर?"

"तर मोजायचं कायमचं बंद."

"काका, ती शीर तुमची वाट बघत बसणार नाही. पंधरा दिवसांत या. गोळ्या मात्र आजपासून."

साताऱ्याच्या हॉस्पिटलात गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी अर्ज मागितला. दीक्षानं तिथंच लिहिला. मग म्हणाल्या, गुरुवारी या. मी दीक्षाला बाजूला घेतलं. "बगितलंस? तवर पुसून टाकतील."

"बाबा, असं पुसता येत नाही."

"तुला काय ठावं? आमच्या पंपाच्या लॉगबुकात बी खाडाखोड हुयाची न्हाई, आसा नियम हुता."

"मग व्हायची का?"

"रोज."

गुरुवारी डॉक्टर परगावी होते. हेही मला बरं वाटलं नाही. आम्हाला मशीनवरच्या माणसाकडं पाठवलं. पृथ्वीराज त्याचं नाव, मेढ्याकडचा. तिशीचा असेल. अर्ज वाचून तो म्हणाला, "काका, वकील आणलाय का संगं?"

"पोरगी आणलीया. तेवडी बास हाय."

तो हसला. "मग मी नीटच दाखवतो."

त्यानं कॉम्प्युटरवर नाव घातलं. पडद्यावर एक लाल रेघ आणि एक हिरवी रेघ आली, डोंगरासारखी वर-खाली होणारी. लाल रेघ अलीकडच्या दाबाची, हिरवी तारेच्या टोकाची. सुरुवातीला दोन्ही एकमेकींवर बसल्या होत्या.

"इथं जुळवल्या," पृथ्वीराज म्हणाला.

"थांब. ही तिचीच कशावरनं?"

"नाव बघा की. वय एकसष्ट. तारीख, वेळ."

"नाव काय, कुनी बी टायपतंय."

दीक्षानं माझा दंड धरला. पृथ्वीराज रागावला नाही. म्हणाला, "बघा काका, तुम्हाला कशानं पटतंय ते."

मी खुर्ची ओढून जवळ बसलो. त्यानं रेघा सुरुवातीपासून हळूहळू सरकवल्या. उंचवटा, उंचवटा, उंचवटा, आणि मधेच एक बुटका. मग मोठी खिंड. परत सारखे उंचवटे. सात-आठ झाले की परत एक बुटका.

आक्काताईची नाडी अशीच होती. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिला ताप आला होता, तेव्हा मी पहिल्यांदा हातात धरून बघितली होती. मधेच एक ठोका गाळायची. मी घाबरलो, तर ती म्हणाली होती, तुमच्या मोटरीगत झटकं खाती व्हय? पुढं कितीतरी वर्षं तिचा हात हातात आला की मी न सांगता ठोके मोजायचो, आणि तो गळालेला ठोका आला की मला बरं वाटायचं.

"तिचीच हाय," मी म्हणालो.

तिला जाऊन चौदा महिने झाले होते आणि तिचं काळीज माझ्यासमोर चालू होतं. दीक्षा उठून खिडकीपाशी गेली.

पृथ्वीराज पुढं दाखवत गेला. तार पुढं गेली तशी हिरवी रेघ खाली आली. औषध दिल्यावर आणखी खाली आली. आकडा आला, पॉइंट चौऱ्याऐंशी. मग तार मागं ओढली. हिरवी रेघ वर चढली आणि लाल रेघेवर जाऊन बसली. आकडा आला पॉइंट नव्व्याण्णव.

"परत दाव."

त्यानं परत दाखवलं.

"आजून एकदा."

तिसऱ्यांदाही तेच. काटा सरकला नव्हता. मशीन खरं होतं. ज्यानं मोजलं होतं त्यानं माझ्यासारखंच आधी आणि नंतर जुळवून बघितलं होतं. माझ्या हाताखाली तो असता तर मी त्याला शाबासकी दिली असती.

"मंग ती गेली कशानं?"

पृथ्वीराज आता हसत नव्हता. "ते मी सांगू शकत नाही काका. डॉक्टर सांगतील. पण एवढं खरं, की आम्ही एक जागा मोजली, त्या दिवशी. दुसऱ्या कुठल्या शिरेत पुढं काय झालं, ते यात दिसणार नाही. कधी कधी दहा-वीस टक्केच अरुंद असलेली जागासुद्धा फुटते आणि तिथं गाठ धरते. ती आदल्या दिवशीही मोजली असती तर आकडा चांगला आला असता."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. दीक्षा म्हणाली, "बाबा, पटलं का?" मी नुसती मान हलवली. पटलं होतं, म्हणूनच मला बसवत नव्हतं.

आता सांगतो लालासाहेब बोलला तेव्हा मला का बरं वाटलं.

त्या सकाळी पावणेसहाला आक्काताईनं मला हलवून उठवलं. म्हणाली, छातीत जळजळतंय, डाव्या हाताला कसंतरी होतंय. मी म्हणालो, पित्त असंल. ती म्हणाली, जायाचं का इस्लामपूरला? मी म्हणालो, "आगं तुझं मोजलंय की. पॉइंट चौऱ्याऐंशी. काय हुत न्हाई." मी तिला सोडा करून दिला. ती गप पडून राहिली. माझ्यावर तिचा विश्वास होता, आणि माझा आकड्यावर. पावणेआठला तिला घाम फुटला तेव्हा मी गाडीला फोन केला. दोन तास गेले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दीक्षालाही नाही. तिला एवढंच सांगितलं होतं की अचानक झालं.

आकडा खोटा निघाला असता तर मी सुटलो असतो. आकड्यानं फसवलं म्हणालो असतो. आकडा खरा निघाला. एका जागेचा, एका दिवसाचा आकडा मी सगळ्या काळजाला आणि सगळ्या दिवसांना लावला होता.

दहाव्या दिवशी मी सांगलीला टेबलावर झोपलो. शब्द दिला होता. तरी माझा स्वभाव काही जात नाही. मी डॉ. शिवांजलींना सांगितलं, पडदा माझ्याकडं फिरवा. त्यांनी फिरवला. या वेळी दीक्षालाही काचेपलीकडं उभं राहू दिलं.

"जुळवलं का?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

दोन्ही रेघा एकमेकींवर होत्या. "जुळलं."

"आता तार पुढं जातेय. मग औषध देणार. मिनिटभर छातीत भरून येईल, श्वास लागल्यासारखं होईल. घाबरायचं नाही."

औषध सुरू झालं आणि छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं झालं. मला वाटलं, हिला असंच झालं असणार, आणि त्या वेळी कुणी सांगणारं नव्हतं की मिनिटभरच आहे. हिरवी रेघ खाली यायला लागली. शहाऐंशी. त्र्याऐंशी. एक्याऐंशी. तिथं थांबली.

"पॉइंट एक्याऐंशी," बाई म्हणाल्या.

"मागं वडा."

तार मागं आली. रेघा जुळल्या.

"परत घाला."

"काका, सगळे पेशंट असे असते तर माझी दिवसाला एकच केस झाली असती." पण त्यांनी परत घातली. एक मिनिट परत पोतं. परत एक्याऐंशी.

"काठावर आलंय की वो."

"काठावरच आहे. अशा वेळी नुसत्या आकड्यावर ठरवत नाही. तुम्हाला त्रास चढावरच होतो, बसून नाही. गोळ्यांनी महिन्याभरात फरक पडेल असं मला वाटतं. नाही पडला तर परत बघू. आज जाळी नको."

"किती दिस चालंल ह्यो आकडा?"

त्यांनी हातमोजे काढले आणि माझ्या डोक्याशी येऊन उभ्या राहिल्या. "आकडा आजचा आहे. त्या एका जागेचा आहे. उद्या छातीत दुखलं, हात दुखला, घाम आला, तर हा आकडा विसरायचा. कुणी आठवण करून दिली तरी ऐकायचं नाही. सरळ गाडीत बसायचं. कळलं?"

मी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं औषधाचा परिणाम आहे. त्यांनी सिस्टरला दाब बघायला सांगितला.

दुपारी वॉर्डात दीक्षा मला पेज भरवत होती. उजव्या मनगटाला पट्टा होता, म्हणून. मी तिचा हात बाजूला केला आणि त्या सकाळचं सगळं सांगितलं. पावणेसहा, सोडा, मोजलंय की, पावणेआठ. एकदम सांगितलं, थांबलो असतो तर सांगितलं नसतं.

तिनं वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, आईनं मला फोन केला होता त्या दिवशी. सहा-सव्वासहाला."

"काय म्हनली?"

"म्हणाली, दुखतंय गं. हे म्हणतात काय न्हाई. तुला काय वाटतंय?"

"मंग?"

"मी अंथरुणातच होते. मी पण तेच म्हटलं. आई, मोजलंय ना तुझं, थोडा वेळ पड." तिनं डोळे पुसले नाहीत. "तुम्ही डॉक्टरांना दोष द्यायचा तेव्हा मला बरं वाटायचं."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा सुनेला सांगत होता, चहात साखर न्हाई. दीक्षानं वाटी परत उचलली. "गार होतंय. खा."

ती खरं बोलली की माझं ओझं अर्धं करून घ्यायला बोलली, हे मला कळलेलं नाही. लहानपणी ती खोटं बोलताना आवाज खाली आणायची. त्या दिवशी आवाज खालीच होता. पण असलं काही बोलताना कुणाचाही आवाज खालीच येईल.

आक्काताईचा मोबाइल घरी कपाटात आहे. चार्जिंगला लावला तर त्या सकाळी कुणाला फोन गेला ते दिसेल. मला तेवढं यंत्र कळतं. मी तो लावलेला नाही.

दीक्षा रविवारी येते. चढ चढून शेतापर्यंत आम्ही दोघं सावकाश जातो. साताऱ्याच्या डॉक्टरांबद्दल आता आम्ही बोलत नाही.